आतलं पॅड

तुळजापूरचा घाट उतरताना तो आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. भाच्याचं लग्न होऊन आठवडा झाला होता आणि नव्या जोडप्याला देवीच्या पायावर घालून आम्ही सोलापूरला परत निघालो होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ आणि आहेराच्या पिशव्या. मे महिना, दुपारचे साडेतीन. पहिल्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि पुढच्या बाजूने खर्रर्र असं काहीतरी झालं, पाट्यावर वीट घासावी तसं. पाय उचलला, आवाज थांबला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

मागून बहीण म्हणाली, "दादा, गाडीत दळण घातलंयस का?" सगळे हसले, मीही हसलो. पण पेडलमधून तळव्याला एक बारीक थरथर जाणवत होती, तिचं मला हसू येत नव्हतं. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता, एरवी तासाभराचा. त्या दिवशी पावणेदोन तास लागले आणि घरी पोचल्यावर शर्ट पिळता आला असता.

खरं सांगायचं तर ब्रेकने मला आधी सांगून पाहिलं होतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी गल्लीतून गाडी काढली की ब्रेक दाबताना एक बारीक किर्र ऐकू यायची. मी खिडकीची काच वर केली आणि रेडिओचा आवाज वाढवला. महिनाभर हाच उपाय चालला. मार्चमध्ये किर्र आपोआप बंद झाली. "बघ, गेला ना आवाज," असं मी बायकोला सांगितल्याचंही आठवतं. ती काही बोलली नाही.

ती किर्र कशाची होती हे मला नंतर कळलं. पॅडच्या पाठीला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि किरकिरते. ती कारखान्यातूनच माणसाला त्रास द्यायला बसवलेली असते. मी दाद दिली नाही, तेव्हा ती बिचारी घासून वाकून गेली. आवाज गेला तो असा. मग उरलेलं पॅड संपायला दोनेक महिने लागले, आणि त्यानंतर लोखंडाला लोखंड लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू एका गॅरेजला नेली. कुठल्या ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं ते कुठल्याही गॅरेजात घडू शकतं. तिथल्या पोराने चाक न काढता रिमच्या फटीतून मोबाइलची बॅटरी मारली, डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "पॅड मस्त हायेत काका. धूळ बसली असंल." पाण्याचा पाइप आणून चाकावर फवारा मारला. आवाज तेवढ्यापुरता बदलला, गेला नाही. दुसरीकडे विचारलं तर तिथल्या मालकाने गाडीला हात न लावताच चारी चाकांचं काम सांगितलं, साडेआठ हजार. एक म्हणतो काहीच झालं नाही, दुसरा म्हणतो सगळंच गेलं. माझा स्वभाव हिशेबनिसाचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात वीस वर्षं खतावण्या जुळवतोय. दोन आकडे जुळले नाहीत की मला झोप लागत नाही.

आणि घरात माळ्यावर वडिलांची पेटी होती. वडील गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा हिशेबाच्या पैशांआधी त्यांनी आपली पान्यांची पेटी घरी आणली होती. लहानपणी एकदा त्यांचा डबा द्यायला गेलो असताना ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून उभे होते, डोळे मिटून. त्या खात्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि हे एका बेअरिंगचं ऐकत होते. मी ते सगळं आवाज म्हणून ऐकलं, त्यांनी त्यातून एक आवाज वेगळा काढला. पेटी मी तेरा वर्षांत दोनदा उघडली होती, एकदा नळाचा वॉशर बदलायला आणि एकदा उंदीर शिरला म्हणून.

गाडी चार दिवस दारात उभी ठेवली. कारखान्यात स्कूटरने गेलो. रविवारी पहाटे साडेपाचला, ऊन तापायच्या आत, मुलीला उठवलं. ती पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रविवारी नऊच्या आधी उठणं हा तिच्यावर अन्याय असतो. तरी आली.

आधी काय नाही ते ठरवायचं होतं. माझी मनातली आशा खडा निघेल अशी होती. डिस्कच्या मागे धूळ अडवायला एक पातळ पत्रा असतो. आपल्याकडच्या खडीच्या रस्त्यांवर एखादा खडा त्या पत्र्यात आणि डिस्कमध्ये अडकतो आणि गाडी भर बाजारात डबा फरफटत नेल्यासारखी ओरडते. पण खडा असला तर ब्रेक दाबा न दाबा, आवाज येतच राहतो. आमच्या जुळे सोलापुरातल्या रिकाम्या रस्त्यावर वीसच्या वेगाने, रेडिओ बंद, काचा खाली, पाय ब्रेकवरून पूर्ण काढून गेलो. काही नाही. खडा बाद. चाकाचं बेअरिंगही त्याच्याबरोबर बाद झालं, कारण बेअरिंग गेलं की ते ब्रेकची वाट पाहत नाही, वेग वाढेल तसं घुमायला लागतं आणि वळणावर त्याचा सूर बदलतो. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो आणि पहिले चार ब्रेक खरखरतात, पण सोलापुरात मे महिन्यात त्याचा विचार करायचं कारण नव्हतं.

मग हँडब्रेक. माझ्यासारख्या साध्या छोट्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. पुढे डिस्क, मागे ड्रम. मैदानाच्या कडेला, मागेपुढे कुणी नाही असं बघून, दहाच्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूच ओढला. गाडी गुपचूप थांबली. म्हणजे मागची दोन्ही चाकं निर्दोष सुटली, आणि साडेआठ हजारांतले निम्मे तिथेच वाचले.

आता पुढचं डावं की उजवं? गाडीत बसून हे कळत नाही. आवाज पत्र्यातून सगळीकडे पसरतो आणि ज्याला विचारावं तो आपल्याच पायाखाली आहे असं सांगतो. इथे मला वडिलांची गिरणी उपयोगी पडली, म्हणजे तिची भिंत. बंद गिरणीच्या आवाराची दगडी भिंत रस्त्याला लागून लांबवर जाते. भिंतीला चिकटून गाडी चालवली की त्या बाजूच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून आत येतो. मुलीला डावीकडे बसवलं, काच पूर्ण खाली. भिंतीच्या कडेने जाताना तीनदा ब्रेक दाबला. "बाबा, हे तर माझ्या कानातच खरडतंय," ती म्हणाली. मग रस्ता रिकामा बघून गाडी वळवली आणि भिंत माझ्या बाजूला ठेवून परत आलो. या वेळी आवाज लांब, गाडीच्या पलीकडून. तिने दोन्ही वेळचा आवाज मोबाइलवर घेतला आणि घरी येऊन एकामागून एक वाजवून दाखवला. पुढचं डावं. शंका उरली नाही.

घरी आल्यावर आणखी एक खूण दिसली. बायको तव्यावर पाण्याचे थेंब मारून भाकरी टाकायची वेळ ठरवते, तसे दोन थेंब मी दोन्ही पुढच्या रिमवर टाकले. उजवीकडचे थेंब ओघळून गेले. डावीकडचे चुर्र करून उडाले. इतक्या थोड्या फिरण्यात एक चाक इतकं का तापावं, हा प्रश्न मी त्या वेळी नीट विचारला नाही. विचारायला हवा होता.

मीही त्या गॅरेजच्या पोरासारखं फटीतून डोकावलं आणि चकित झालो. पॅड खरंच चांगलं दिसत होतं, सात-आठ मिलिमीटर जाड. पोरगा खोटं बोलला नव्हता.

एव्हाना समोरचे अण्णा दात घासत बाहेर आले होते. अण्णा पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. "काय करलालाव मालक, सकाळ सकाळ?" मी सगळा तपास सांगितला. त्यांनी तोंड धुतलं, लुंगी खोचली आणि आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पाने नंतर. आधी गाडी पडंल कशी ते बघा, मग पडू नये असं करा."

म्हणून चाकाच्या नटा गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल केल्या, कारण उचलल्यावर चाक गरगर फिरतं आणि जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. फरशीवर जॅक, जॅकखाली लाकडी फळी. चाक काढून झाल्यावर अण्णांनी स्टेपनी गाडीच्या खाली, दाराच्या कडेला आडवी सरकवायला लावली. जॅकने दगा दिलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, माणसावर बसणार नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर उचललेल्या गाडीखाली हात घालणारी माणसं मी रस्त्याकडेला रोज बघतो. अण्णा तशांना एक शब्द वापरतात, तो इथे लिहिता येणार नाही.

चाक निघालं. डिस्कच्या बाहेरच्या तोंडावर बारीक रेघा होत्या, पण एकूण ती चकचकीत. आरसा घेऊन मागच्या तोंडाकडे बघितलं तर तिथे ग्रामोफोनची तबकडी होती. नख अडकेल इतक्या खोल खाचा.

मी ब्रश घेऊन धूळ झाडायला आणि तोंडाने फुंकर मारायला लागलो, तेव्हा अण्णांनी हात धरला. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्यांच्या तरुणपणी ती धूळ हवेच्या पाइपने उडवून मोकळे व्हायचे आणि तसंच जेवायला बसायचे. "आता आमच्यातले दोघं-तिघं खोकतात," एवढंच म्हणाले. आताच्या पॅडमध्ये ते नसावं असं मानलं तरी ती लोखंडी भुकटी छातीत कशाला घ्यायची? साबणाचं पाणी, ओला फडका, तोंडाला रुमाल. भुकटी पाण्यात काळी होऊन खाली गळली.

डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट चौदाच्या रिंग पान्याने निघाले. वरचा निमूट, खालचा रडून. कॅलिपर उचलला आणि तो ब्रेकच्या रबरी पाइपला लोंबकळू न देता स्प्रिंगला बांधला. त्याला मी सुतळी शोधत होतो, पण मुलीने कारखान्यातून आणलेली टॉवेलची काठपट्टी दिली. आमच्या घरात गाठोडी बांधायला, झाडाला आधार द्यायला, सगळ्याला तीच चालते.

दोन्ही पॅड हातात आली आणि गॅरेजचं कोडं सुटलं. बाहेरचं पॅड वडिलांच्या व्हर्नियरवर साडेसात मिलिमीटर भरलं. आतल्या पॅडवर मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नुसती लोखंडी पाठ, तीही तिरकी घासून धारदार झालेली. फटीतून डोकावलं तर दिसतं ते बाहेरचं पॅड. आतलं दिसायला चाक काढावं लागतं.

मी म्हटलं, "चला, मेकॅनिकी चौकात जाऊन नवीन सेट घेऊन येतो. बसवला की झालं."

अण्णा पायरीवर बसले होते. "नवीन कुनीबी घालंल ओ मालक. हे एकानंच का खाल्लं ते बघा की. नायतर दिवाळीला परत बसाल इथंच."

ब्रेकची रचना मला त्या पायरीवर कळली. आमच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये दट्ट्या एकच असतो, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की ऑइलचा दाब दट्ट्याला ढकलतो आणि तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो. बाहेरच्या पॅडला ढकलायला कुणी नाही. पण आतलं पॅड डिस्कला टेकलं की त्याच जोराने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेला सरकतो आणि बाहेरचं पॅड ओढून डिस्कला लावतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं. पिना मोकळ्या हव्यात, रबरी टोपणांत ग्रीस लावून बसवलेल्या. सांडशीचा खिळा गंजला की एकच पाय हलतो आणि पातेलं निसटतं, तसंच हे. पिन जाम झाली की आतलं पॅड एकटंच काम करतं, शिवाय पाय काढल्यावर कॅलिपर मागेही सरकत नाही, म्हणून ते दिवसभर डिस्कला चाटत राहतं. रिमवरचे थेंब का उडाले याचं उत्तर हे होतं.

वरची पिन बोटांनी आत-बाहेर होत होती. खालची हलेना. पकडीने पिळून, मागेपुढे फिरवून, अर्ध्या तासाने ती बाहेर आली. पिनवर गंजाचे पट्टे, आणि तिच्याभोवतीचं रबरी टोपण फुगून मऊ लोण्यासारखं झालेलं. अण्णांनी ते बोटावर चोळलं, वास घेतला आणि पिवळसर ग्रीस माझ्या नाकापुढे धरलं. हे साधं चासिसचं ग्रीस, खनिज तेलाचं. ते या रबराला चालत नाही. रबर ते पितं आणि फुगतं, पिनेला आवळतं, कडेने फाटतं, मग पाणी आणि धूळ आत. इथे सिलिकॉनचं, रबराला न खाणारं ग्रीस लागतं. दीड वर्षापूर्वी एका गॅरेजात पॅड बदलली होती. कुणीतरी चांगल्याच बुद्धीने, डब्यात जे होतं ते बोट भरून लावलं होतं. ग्रीस न लावण्याने झालं असतं त्यापेक्षा लवकर हे झालं.

मेकॅनिकी चौकात रविवारी अर्धी दुकानं बंद असतात, पण अर्धी पुरतात. दुकानदाराने विचारलं, "ओरिजिनल देऊ का लोकल?" लोकल साडेचारशे, ओरिजिनल साडेनऊशे. पॅड दोन्ही चाकांची मिळून एकत्रच बदलायची असतात, एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं तर गाडी ब्रेक लावल्यावर एकीकडे ओढते. ओरिजिनल घेतली. पिना आणि रबरी टोपणांचा सेट, ग्रीसची छोटी नळी, पॉलिश पेपर. डिस्कचं काय करायचं ते ठरलं नव्हतं.

डिस्क काढायची एक युक्ती मला फार आवडली. कॅलिपर ज्यावर बसतो त्या ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढले तरी डिस्क हबला गंजून चिकटलेली असते. लोक हातोडा घालतात. पण डिस्कच्या तोंडावर दोन आटे पाडलेली रिकामी भोकं असतात. त्यांत आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळत गेलं की बोल्टची टोकं हबवर रेटतात आणि डिस्क स्वतःलाच ढकलत बाहेर येते. टक् असा एक आवाज, आणि मोकळी. तेरा वर्षं वापरलेल्या गाडीत ती दोन भोकं माझ्यासाठी ठेवलेली होती आणि मला पत्ता नव्हता.

डिस्क घेऊन एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने जाडी मोजली, डिस्कच्या अंगावर कोरलेला किमान जाडीचा आकडा कापसाने पुसून मला वाचून दाखवला आणि म्हणाला, खाचा जाईपर्यंत फेस मारला तर या आकड्याच्या खाली जाईल. मारून देतो म्हणाला असता तर मी दोनशे रुपये देऊन खूश होऊन आलो असतो. पातळ डिस्क लवकर तापते, वाकते, तडकते. नव्या डिस्कची जोडी सव्वीसशेला पडली. जानेवारीतच चाक उघडलं असतं तर हे सव्वीसशे वाचले असते, ही नोंद माझ्या वहीत लाल शाईने आहे.

पॅडवरच्या त्या करड्या थराला आपण सहज लायनर म्हणतो. बर्था बेंझ 1888 साली नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गेली. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिने एका गावात मोच्याला गाठून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकचं पहिलं लायनर ते, असं मानतात. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणजे माहेरची वाट आणि पहिला ब्रेक मेकॅनिक एक मोची. ही गोष्ट मी मुलीला सांगितली, तर ती म्हणाली, "म्हणजे बाईने लगेच थांबून दुरुस्त केलं. जानेवारी ते मे वाट नाही बघितली."

चामडं किती वेळ टिकलं असेल कोण जाणे. मी गंमत म्हणून हिशेब केला. माणसांसकट हजार किलोची गाडी साठच्या वेगावरून थांबवली तर जी उष्णता तयार होते तिच्यावर अर्धा लिटर पाणी उकळायला येतं. चार कप चहा, एका ब्रेकमध्ये. तुळजापूरच्या घाटात मी किती चहा केला असेन, आणि तोही बहुतेक एकट्या डाव्या चाकावर.

बसवताना दोन चुका झाल्या. पहिली अशी. नवं पॅड जाड असतं, म्हणून दट्ट्या आत ढकलावा लागतो. जुनं पॅड मध्ये ठेवून सी क्लॅम्पने हळूहळू आवळलं. दट्ट्या आत जातो तेव्हा त्याच्यामागचं ऑइल उलटं बॉनेटखालच्या डबीत चढतं. डबीचं झाकण उघडून थोडं ऑइल आधी काढून घ्या, असं अण्णांनी सांगितलं होतं. झाकण मी उघडलं, ऑइल काढायचं राहिलं. ते भरून ओसंडलं आणि मडगार्डच्या आतल्या कडेवरून ओघळलं. ब्रेक ऑइल रंग खातं. मुलीने धावत जाऊन बादली आणली आणि पाणी ओतलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी नव्हतं, आणि ती बादली पिण्याच्या पाण्याची होती. बायको दारातून बघत होती. हाताएवढ्या जागेवरचा रंग सुरकुतला तो सुरकुतलाच.

पिना गुळगुळीत बसल्या, बोटाने सरकतात आणि आपोआप थोड्या परत येतात इतक्या. वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीच्या टोकाला रबराची अंगठी असते, ती जागा बदलायची नाही. पॅडच्या कानांना, जिथे ती ब्रॅकेटमध्ये सरकतात तिथे, ग्रीसचा नुसता पुसट हात. पॅडच्या तोंडाला बोटही नाही. नव्या डिस्कला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते आधी साबणाने धुऊन काढलं. उजवं चाकही उघडलं. तिथे दोन्ही पॅड सारखी झिजली होती आणि पिना मोकळ्या होत्या. तासाभरात ते झालं. शिकवणी सगळी डाव्या बाजूलाच झाली होती.

दुसरी चूक साडेअकराला केली, ऊन डोक्यावर आणि सगळं संपल्याच्या आनंदात. नटा तिरप्या क्रमाने आवळल्या, गाडी खाली घेतली, दगड काढले, पाने गोळा केले. सुरू केली, मागे घेतली, ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला गेलं, रिकाम्या पिशवीत पाय घातल्यासारखं. दट्ट्या आत ढकललेला होता. त्याला पॅडपर्यंत परत आणायला गाडी हलवण्याआधी पेडल दहा-पंधरा वेळा दाबायचं असतं. गाडी शांतपणे मागे गेली आणि दारातल्या निळ्या पाण्याच्या पिंपाला जाऊन टेकली. पिंप भरलेलं होतं म्हणून जागचं हललं नाही. मी हँडब्रेक ओढला. गल्लीत उतार नव्हता, मागे पोरं खेळत नव्हती, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं. अण्णा धावत आले. ओरडले नाहीत. खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली, मग म्हणाले, "आता दाबा." मी दाबत राहिलो. सातव्या-आठव्या वेळी पेडल पायाखाली कडक झालं. त्यांनी डबीतलं ऑइल बघितलं, चाकाशी बसून गळती बघितली आणि मगच किल्ली दिली.

ऑइल कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, पण मुरलेलं पाणी त्याचा उत्कलनबिंदू 140 पर्यंत खाली आणू शकतं. उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि घाटात पेडल रिकामं जातं. ऑइल बदलून हवा काढायचं काम मी घरी केलं नाही. पिंपाच्या प्रसंगानंतर तेवढी अक्कल आली होती. एका गॅरेजात करून घेतलं, समोर उभं राहून.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर विजापूर रोडने मंद्रूपच्या दिशेने गेलो. नवी पॅड आणि नवी डिस्क यांची एकमेकांशी ओळख व्हायची असते. पन्नासवरून वीसवर, न थांबता, बेताने. मग थोडं चालवून गार होऊ द्यायचं, पुन्हा तसंच. असं बारा-पंधरा वेळा. पहिल्या चार-पाचांना ब्रेक थोडा लाकडी वाटला, करपल्यासारखा वास आला. मग पकड बसत गेली. मुलगी काच खाली करून डावीकडे बसली होती. रस्त्याला भिंत नव्हती, दोन्हीकडे उन्हाळ्यातली मोकळी काळी रानं. आवाज असता तर लांब गेला असता. टायरचा आणि वाऱ्याचा, बाकी काही आला नाही.

पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, मी डावं चाक परत काढलं. काही झालं म्हणून नाही. व्हर्नियर लावला. बाहेरचं साडेनऊ, आतलं सव्वानऊ. वरची पिन बोटाने हलली. खालची हलली, पण किंचित जड. मी ती काढली, पुसली आणि ग्रीसची नळी आणायला मुलीला हाक मारली. समोरच्या पायरीवरून अण्णांनी विचारलं, "पिंप भरलेलं हाय ना?"